बुडालेल्या खलाशांचे वारस कोण?

2012 आणि 2013 या दोन वर्षांत आयर्लंडच्या नैऋत्येला, भर अटलांटिकमध्ये, एका अमेरिकी कंपनीने दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या एका बोटीतून, साधारण 4,700 मीटर खोलीवरून, चांदीच्या लगडी वर काढल्या. टायटॅनिक जिथे पडलंय त्याहूनही ही जागा किलोमीटरभराने अधिक खोल. पहिल्या वर्षी 1,218 लगडी निघाल्या, दुसऱ्या वर्षी 1,574. मिळून जवळपास 110 टन. विमा उतरवलेल्या चांदीपैकी 99 टक्क्यांहून अधिक चांदी हाती लागली, असं कंपनीने जाहीर केलं. सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेल्या मालाचा इतका चोख हिशेब लागला. त्याच बोटीवर किती माणसं मेली हे मात्र शोधायला गेलात तर कुठे 84 सापडतील, कुठे 85.

बोटीचं नाव गेरसप्पा. शरावती नदीवरचा जो धबधबा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गिरसप्पा म्हणून ठाऊक होता आणि ज्याला आता जोग म्हणतात, त्याच परिसरातलं हे गाव. सोळाव्या शतकात तिथे चेन्नभैरादेवी राज्य करत होती. काळ्या मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. गेरसप्पा गाव पुढे मुंबई इलाख्यात, उत्तर कानडा जिल्ह्यात मोडत असे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने आपल्या अनेक बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची नावं दिली होती, तसं हे एक. 1919 साली इंग्लंडमध्ये बांधलेली, पाच हजार टनांची, कोळशावर चालणारी साधी मालवाहू बोट.

डिसेंबर 1940 मध्ये कलकत्त्यात तिच्यावर कच्चं लोखंड, चहा, इतर किरकोळ माल आणि चांदी भरली गेली. आफ्रिकेला वळसा घालून ती सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन बंदरात पोचली आणि तिथून 30 जानेवारी 1941 रोजी एका काफिल्याबरोबर ब्रिटनच्या दिशेने निघाली. वाटेत हवा बिघडली. जड मालामुळे बोट मंदावली, कोळसा पुरेना. 14 फेब्रुवारीला कप्तानाने काफिला सोडून आयर्लंडमधलं गॉलवे बंदर गाठायचं ठरवलं. 16 तारखेला एक जर्मन विमान डोक्यावर घिरट्या घालून गेलं. त्याच रात्री यू-101 या जर्मन पाणबुडीचा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, उजव्या कुशीत बसला. वीस मिनिटांत बोट तळाला गेली.

तीन होड्या पाण्यात उतरल्या, पण पुढे पत्ता लागला तो एकीचाच. तिच्यात तीसेक माणसं होती, बहुतेक हिंदी खलाशी, थोडे गोरे, आणि ताबा दुसरा अधिकारी रिचर्ड आयर्स याच्याकडे. फेब्रुवारीतला उत्तर अटलांटिक. अंगावर पाणतीर लागला त्या क्षणी जे होतं तेच कपडे. इंजिनखान्यात भट्टीसमोर काम करणारा आगवाला वर येतो तेव्हा त्याच्या अंगावर काय असणार? बोटं हिमदंशाने काळी पडली. आठवडाभरात पाणी संपलं. माणसं एकेक करून गेली आणि जिवंत होते त्यांनी प्रत्येकाला समुद्रात सोडलं. तेरा दिवसांनी, 1 मार्चला, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या लिझर्डचा कडा समोर आला, तेव्हा होडीत मोजकीच माणसं धुगधुगी धरून होती. किनाऱ्यालगतच्या लाटांनी होडी उलथवली. कड्यावरून तीन शाळकरी मुलींनी ते पाहिलं आणि धावत जाऊन माणसं आणली. हाताला लागला तो एकटा आयर्स. बाकीचे किनारा दिसत असताना बुडाले.

आयर्सला पदक मिळालं, आणि ते योग्यच होतं. तेरा दिवस ज्याने होडी हाकली, त्याच्याबद्दल दुसरा शब्द निघू शकत नाही. माझं म्हणणं होडीतल्या बाकीच्यांबद्दल आहे. कारण गेरसप्पाची गोष्ट गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ सांगितली गेली आणि प्रत्येक वेळी ती चांदीची गोष्ट म्हणूनच सांगितली गेली. ब्रिटिश सरकारने युद्धकाळात विम्याचे पैसे भरले होते, म्हणून चांदीवर मालकी त्या सरकारची. कंपनीशी करार झाला, त्यात वाटेकरी दोनच: खर्च वजा जाता 80 टक्के कंपनीला, उरलेलं ब्रिटनच्या तिजोरीला. त्या चांदीतून लंडनच्या टांकसाळीने नाणी पाडली आणि नाण्याच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं. चांदीबरोबर टपालाच्या थैल्याही सापडल्या, त्यांतली सुमारे 700 पत्रं चिखलात गाडली गेल्यामुळे टिकली होती. हिंदुस्थानातून विलायतेला आपल्या माणसांना लिहिलेली ही पत्रं 2018 साली लंडनच्या टपाल संग्रहालयात मांडली गेली. लोकांनी ती वाचली, डोळे पुसले. ते अश्रू खरे होते. चांदीला मालक होता, पत्राला वाचक मिळाला, आणि ज्यांनी तो माल आणि ती पत्रं वाहून नेली ते कुणाचे, हा प्रश्न विचारायला कुणी आलं नाही. माझ्या मते तो विचारायला आपण जायला हवं होतं.

आपण म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट करतो. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा हिंदी होता. सुमारे पन्नास हजार माणसं. इंग्रज त्यांना सरसकट लास्कर म्हणत. कलकत्त्याहून निघणाऱ्या बोटींवर मुख्यतः सिल्हेट, नोआखाली, चितगावची माणसं असत. मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी, खाली भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे पठाण, आणि सलूनमध्ये, भटारखान्यात गोव्याचे ख्रिस्ती. सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाला, कोळसेवाला, भंडारी, टोपास (झाडलोट करणारा) अशी त्यांची उतरंड. धोबी तलाव आणि माझगावातल्या गोवेकरांच्या कुडी याच माणसांच्या. एकेका गावाची एकेक कूड, तिथे पेटी ठेवायची, बोट मिळेपर्यंत रांगेत पथारी टाकायची आणि बोट मिळाली की निघायचं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात आजही 'बोटीवर असतो' एवढं सांगितलं की घरचा कर्ता काय करतो ते कळतं.

या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका होता. झोपायची जागाही कायद्यानेच कमी: गोऱ्या खलाशाला 120 घनफूट तर लास्करला 36, असा हिशेब कितीतरी वर्षं चालला. आणि त्यांनी हे मुकाट सोसलं असंही नाही. 1939 च्या शरद ऋतूत, युद्ध जाहीर झाल्याबरोबर, लंडन, ग्लासगो आणि इतर बंदरांत बोटींवरच्या हिंदी खलाशांनी कामं थांबवली. पाणतीर गोऱ्या-काळ्यात भेद करत नाही, मग पगार दुप्पट करा, ही त्यांची मागणी. शेकडो जण तुरुंगात गेले. लंडनमध्ये सुरत अली आणि कलकत्त्यात आफताब अली यांनी हा लढा उभा केला आणि शेवटी मालकांना पगार वाढवावाच लागला. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास गिरणगावापासून सुरू होतो आणि गिरणगावापाशीच थांबतो. युद्धाच्या ऐन तोंडावर परक्या देशाच्या बंदरात, परक्या कायद्याखाली, संप करायची छाती दाखवणारी ही माणसं त्या इतिहासात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. या माणसांवर दुहेरी अन्याय झाला आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय आपली जबाबदारी कळत नाही.

1936 साली लंडनमध्ये पाणबुडी युद्धाचे नियम सह्या होऊन पक्के झाले. जर्मनीनेही ते मान्य केले. व्यापारी बोट बुडवण्याआधी तिच्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी पोचवणं पाणबुडीवर बंधनकारक होतं आणि भर समुद्रात नुसतं होडीत सोडणं म्हणजे सुरक्षित जागा नव्हे, हेही त्यात लिहिलेलं होतं. गेरसप्पाच्या होडीला हा नियम लावून पाहा. पण युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलाने व्यापारी बोटींवर तोफा बसवल्या, तोफची नेमले, पाणबुडी दिसली की बिनतारी संदेश पाठवण्याचे हुकूम दिले. पुढे न्यूरेंबर्गला जर्मन नौसेनापती डोनिट्झवर खटला चालला, तेव्हा सशस्त्र ब्रिटिश व्यापारी बोटी बुडवल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी धरलं नाही. बोट सशस्त्र झाली, म्हणजे ती युद्धयंत्रणेचा भाग झाली, असा तो विचार. नौदलाने डेकवर तोफ ठेवली आणि खाली भट्टीत कोळसा ओढणाऱ्याच्या डोक्यावरचं कायद्याचं छत्र गेलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बरं, मग मेल्यावर तरी त्याला सैनिक मानलं का? तेही नाही. तो मुलकी माणूस, कंपनीचा नोकर. म्हणजे मारताना लष्करी आणि आठवताना मुलकी. लंडनमध्ये टॉवर हिलला व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या सुमारे 24 हजार जणांची नावं तिथे बोटवार कोरलेली आहेत. हिंदी करारावर भरती झालेल्या खलाशांची नावं मात्र वेगळीकडे नोंदवली गेली. ज्या बोटीवर एकत्र मेले, त्या बोटीच्या नावाखाली मालक देशाचे लोक एका शहरात आणि आपले लोक दुसऱ्या खंडात.

सैनिक आणि मुलकी यांच्यातली ही भिंत तोडता येते, हे ब्रिटनमध्येच सिद्ध झालं आहे. स्टोरा नावाची एक व्यापारी बोट 1943 मध्ये काफिल्यातून जात असताना जर्मन पाणतीर-नौकेने बुडवली. तिच्यावर मेलेल्या एका तोफचीच्या दोन मुलींनी, आपल्या वडिलांच्या जलसमाधीला युद्धसमाधीचं संरक्षण मिळावं म्हणून सरकारशी कोर्टकज्जा केला. ही व्यापारी बोट, हिला कायदा लागू नाही, असं संरक्षण खात्याचं म्हणणं होतं. 2006 साली अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूने निकाल दिला: काफिल्यात, सशस्त्र, युद्धाच्या कामावर असलेली व्यापारी बोटही लष्करी सेवेत मानता येते. दोन म्हाताऱ्या बहिणी ठाम उभ्या राहिल्या म्हणून हे झालं. गेरसप्पाच्या आगवाल्यांच्या मुलींना असं काही असतं हे कळण्याचीही सोय नव्हती, आणि त्यांच्या वतीने उभं राहील असं सरकार त्यांना मिळालं नाही.

यावर आपल्याकडून ठरलेलं उत्तर येतं, आणि ते मी अनेकदा ऐकलं आहे: ते इंग्रजांचे नोकर होते, इंग्रजांच्या युद्धात मेले, आपलं काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याच काळात देशात माणसं तुरुंगात होती, 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, आणि साम्राज्याच्या पुरवठ्याची साखळी चालू ठेवणाऱ्यांचे गोडवे गाणं कुणाला खटकलं, तर ते समजण्यासारखं आहे. पण हा आक्षेप तपासून पाहिला तर टिकत नाही.

एक तर आपण स्वतःच तो पाळत नाही. साम्राज्याच्या सैन्यात मेलेल्यांची नावं दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली आहेत आणि आपण ती अभिमानाने दाखवतो. 2015 मध्ये पंतप्रधान फ्रान्समधल्या न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर गेले, ते पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढून मेलेल्या हिंदी सैनिकांना वंदन करायला. ते गेले हे चांगलंच झालं. मग बंदूक घेतलेला माणूस आपला आणि फावडं घेतलेला परका, हे कसं? दुसरं, बुडालेल्या सगळ्या बोटी इंग्रजांच्या नव्हत्याच. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून उभी केलेली सिंदिया कंपनी स्वदेशी होती. तिच्या जलराजन, जलतरंग आणि जलपालक जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुड्यांनी बुडवल्या आणि जलबाला ऑक्टोबर 1943 मध्ये यू-532 या जर्मन पाणबुडीने. त्या बोटींवरचे खलाशी कुणाचे नोकर होते?

आणि तिसरी गोष्ट सांगताना मला थांबून सांगावं लागेल, कारण ती अवघड आहे.

20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून तिलावा नावाची बोट मोम्बासामार्गे दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. उतारू आणि माल दोन्ही वाहणारी. साडेनऊशेच्या वर माणसं, बरेचसे आफ्रिकेत पोटापाण्यासाठी चाललेले गुजराती, 222 खलाशी आणि सहा हजार टनांवर माल, त्यात साठेक टन चांदी. 23 नोव्हेंबरच्या पहाटे, भर समुद्रात, आय-29 या जपानी पाणबुडीने पाणतीर सोडला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण परत चढले, आणि मग दुसरा पाणतीर लागला. 280 माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांनी ब्रिटिश युद्धनौका बर्मिंगहॅमने उचललं आणि 27 तारखेला परत मुंबईत आणून सोडलं.

हीच ती आय-29. पाच महिन्यांनी, एप्रिल 1943 च्या अखेरीस, मादागास्करच्या आग्नेयेला खवळलेल्या समुद्रात जर्मन यू-180 वरून नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना रबरी तराफ्यावरून या आय-29 वर चढवलं गेलं. जर्मन पाणबुडीने वाटेत, नेताजी आत असतानाच, कॉर्बिस ही ब्रिटिश टँकर बुडवली होती. नेताजींचा तो प्रवास आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत आहे. त्यातलं धैर्य खरं आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आय-29 चं नाव घेताना तिने आपल्याच 280 माणसांना पाण्यात घातलं होतं हे आपल्याला आठवत नसेल, तर आपण इतिहासाचं सोयीचं तेवढंच पान जपून ठेवलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच पाणबुडीने केल्या. प्रौढ समाजाला दोन्ही एकत्र लक्षात ठेवता आल्या पाहिजेत. नेताजींच्या वाटेवर शत्रू कोण आणि मित्र कोण हे त्या घडीच्या राजकारणाने ठरलं होतं. तिलावावरच्या खलाशाला ते ठरवायची मुभाच नव्हती. त्याच्यापुढे बोटीचा करार किंवा उपाशी घर, एवढंच होतं.

तिलावाच्या चांदीचंही पुढे गेरसप्पासारखंच झालं. 2017 मध्ये अडीच किलोमीटर खोलीवरून 2,364 लगडी काढल्या गेल्या. त्या लगडी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपल्या टांकसाळीसाठी विकत घेतल्या होत्या. काढणारी कंपनी मोबदला मागत होती. दावा लंडनच्या उच्च न्यायालयात, मग अपिलात, मग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे 2024 मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. तो माल 1942 मध्ये आणि नंतरही व्यापारी वापरात होता का, या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली गेली. मालाच्या बाबतीत जगाचे कायदे इतके काटेकोर असतात. माणसांच्या बाबतीत ते तितके काटेकोर नाहीत, कारण माणसांच्या वतीने दावा कुणी दाखल करत नाही.

दावा म्हणजे कोर्टातलाच असं मी म्हणत नाही. पैशांची मागणीही करत नाही. ऐंशी वर्षांनी कुणाला काय देणार? मला जो दावा अभिप्रेत आहे तो मुंबईतच करता येण्यासारखा आहे. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी खलाशांच्या नावांचं पुस्तकही तिथेच आहे. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत चितगावला आहे. बांगलादेशात एक, आपल्याकडे एक. रोज लाखो माणसं लोकलने मशीद बंदरवरून जातात. किती मुंबईकरांना हे पुस्तक माहीत आहे?

राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने ही नावं इंटरनेटवर ठेवली आहेत. कुणीही शोधू शकतो, फक्त इंग्रजीत, कारकुनाने जशी ऐकली तशा हिज्ज्यांत. काही नावांपुढे हुद्दा, बोट, वडिलांचं नाव आणि गावही आहे. तेवढ्यावरूनही पुष्कळ काम होऊ शकतं. कोकणातल्या गावाचं नाव इंग्रज कारकुनाच्या हिज्ज्यातून ओळखायला लंडनचा तज्ज्ञ लागत नाही. रत्नागिरीचा तलाठी पुरतो. कुठल्या वाडीत ते आडनाव आजही आहे, हे मशिदीतल्या किंवा चर्चमधल्या जुन्या माणसाला विचारलं की कळतं. ही माणसं अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

कोकणाला समुद्रात गेलेल्यांची आठवण ठेवता येत नाही असं नाही. 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर बुडालेली रामदास बोट आजही घराघरांत सांगितली जाते. कारण ती डोळ्यांसमोर बुडाली, प्रेतं किनाऱ्याला लागली, वाचलेले घरी आले आणि त्यांनी सांगितलं. अटलांटिकमध्ये मेलेल्याच्या घरी फक्त एक दिवस पैसे यायचे थांबले. मुंबई शहरालाही आठवण ठेवता येते. 14 एप्रिल 1944 रोजी गोदीत फोर्ट स्टिकाइन बोटीचा स्फोट झाला, त्यात मेलेल्या 66 अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ आजही देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. सिंदियाची जलपद्म त्याच स्फोटाच्या तडाख्यात सापडली होती. अग्निशामकांना जो मान मिळाला तो खलाशांना मिळायला काय हरकत होती?

त्यासाठी नवा दिवसही लागत नाही. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन 1964 पासून पाळला जातो. 1919 साली त्या तारखेला सिंदियाची लॉयल्टी बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्याची ती आठवण. त्या दिवशी आजवर भाषणं होतात ती कंपन्यांची, टनांची, बंदरांच्या विस्ताराची. लॉयल्टीच्या भट्टीत कोळसा कुणी ओढला? नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, स्मारक मुंबईत आहे, खलाशांची गावं दोनशे-तीनशे किलोमीटरवर आहेत.

हा केवळ गेलेल्यांचा प्रश्न आहे असं कुणाला वाटत असेल तर एडनच्या आखाताकडे पाहावं. मार्च 2024 मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू बोटीवर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी मेले. आपल्या नौदलाच्या कोलकाता या युद्धनौकेने बाकीच्यांना उचललं. बोट एका देशाच्या मालकाची, झेंडा दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा आणि माणसं आणखी चार-पाच देशांची, ही आजची रीत आहे. जगातल्या खलाशांमध्ये भारतीयांचं प्रमाण मोठं आहे आणि त्यात कोकणातली, गोव्यातली मुलं आजही आहेत. युद्धात त्यांची बोट सापडली तर त्यांची नोंद कोण ठेवणार, घरी कोण कळवणार, सैनिक की मुलकी या वादात त्यांच्या घरच्यांना कोण उभं करणार? 1941 मध्ये याचं उत्तर नव्हतं. आज असायला हवं आणि ते आपल्या सरकारने लेखी दिलेलं हवं, कारण झेंड्याच्या देशाला त्याची गरज वाटेलच असं नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. मशीद बंदरच्या पुस्तकातली सगळी नावं देवनागरीत, जिल्हा आणि तालुक्याप्रमाणे लावून राज्य सरकारने प्रसिद्ध करावीत. बंगालच्या गावांची बांगलादेशला द्यावीत. हे काम मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे आणि रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांकडे सोपवावं, गोव्यातल्या नावांसाठी गोवा विद्यापीठाची मदत घ्यावी, आणि प्रत्येक नाव त्या त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी जावं. 5 एप्रिलच्या कार्यक्रमात बोटीगणिक नावं वाचली जावीत, गेरसप्पापासून सुरुवात करून. आणि बुडालेल्या बोटीतला माल काढण्याचे परवाने यापुढे जिथे भारतीय खलाशी मेले आहेत अशा बोटींसाठी निघतील, तेव्हा भारत सरकारने त्या टेबलावर बसण्याचा हक्क मागावा. चांदीसाठी नाही, त्या बोटीवर कोण होते याची यादी कराराला जोडली जावी, एवढ्यासाठी.